'जीएसएम', 'डेमी', 'फॉर्म' म्हणजे काय? पुस्तक छापायला देण्याआधी समजून घ्या छपाईची भाषा

कवितासंग्रह, गावाचा इतिहास, आजोबांच्या आठवणी किंवा संस्थेची स्मरणिका. अशी पुस्तकं अनेक जण स्वतःच्या खर्चाने छापून घेतात. प्रेसमधून येणाऱ्या कोटेशनमध्ये मात्र असं काहीतरी लिहिलेलं असतं: 'डेमी १/८, १० फॉर्म, ७० जीएसएम मॅपलिथो, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बायंडिंग, १००० प्रती.'

यातला एखादा शब्द कळला नाही तरी बहुतेक जण मान डोलावतात. पुढे कागद पातळ निघाला किंवा पानं सुटू लागली, की वाद सुरू होतो. म्हणून या ओळीतला एकेक शब्द समजून घेऊया.

पान आणि पृष्ठ यात फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. छपाईत मात्र कागदाचं एक पान म्हणजे दोन पृष्ठं, पुढची आणि मागची. '१६० पानं' आणि '१६० पृष्ठं' यांत कागदाचा खर्च दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. त्यामुळे आकडा नेहमी पृष्ठांमध्ये सांगावा. त्यात शीर्षकाचं पृष्ठ, अनुक्रमणिका आणि कोरी पृष्ठंही धरावीत.

डेमी, क्राऊन म्हणजे काय?

ही कागदाच्या मापांची जुनी इंग्रजी नावं आहेत. डेमी कागद १८ x २३ इंचांचा असतो, तर क्राऊन १५ x २० इंचांचा. डेमी कागदाला तीन घड्या घातल्या की ८ पानं होतात. म्हणून त्या आकाराला 'डेमी १/८' म्हणतात. कडा कापल्यावर पुस्तक साधारण ५.५ x ८.५ इंचांचं होतं. मराठीतल्या बऱ्याच कादंबऱ्या आणि चरित्रं याच आकारात असतात. क्राऊन १/८ त्याहून लहान असतो.

ए-४ कागद या कुटुंबातला नाही. तो आंतरराष्ट्रीय मापाचा, २१० x २९७ मिलिमीटरचा असतो. म्हणून ए-४ वर टाइप केलेली १०० पृष्ठं पुस्तकात १०० राहत नाहीत, वाढतात.

फॉर्म म्हणजे काय?

डेमी १/८ मध्ये एका कागदाची ८ पानं, म्हणजेच १६ पृष्ठं होतात. या १६ पृष्ठांच्या गठ्ठ्याला फॉर्म किंवा फर्मा म्हणतात. १६० पृष्ठांचं पुस्तक म्हणजे १० फॉर्म.

इथे पैसे वाचवता येतात. पुस्तक १६२ पृष्ठांचं झालं, तर उरलेल्या दोन पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो. त्यापेक्षा दोन पृष्ठांचा मजकूर कमी केलेला परवडतो.

जीएसएम आणि रीम म्हणजे काय?

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. आकडा जितका मोठा, तितका कागद वजनदार आणि सहसा जाड. आतल्या मजकुरासाठी ७० ते ८० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा पांढरा कागद वापरतात. फोटोंसाठी चकाकणारा आर्ट पेपर आणि मुखपृष्ठासाठी जाड आर्ट कार्ड घेतात.

५०० कागदांची एक रीम होते. मोठ्या छपाईसाठी २३ x ३६ इंचांचा डबल डेमी कागद वापरला जातो. एका डबल डेमी कागदातून दोन फॉर्म निघतात. म्हणजे १० फॉर्मच्या १००० प्रतींना ५००० कागद, म्हणजेच १० रीम लागतात. छपाईत थोडा कागद वाया जातो, तो यात धरलेला नाही.

ठरलेलाच कागद वापरला का, हे कसं ओळखायचं?

घरातल्या डिजिटल वजनकाट्यावर हे तपासता येतं. डेमी १/८ आकाराच्या १६० पृष्ठांच्या पुस्तकात ८० पानं असतात. त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २.४१ चौरस मीटर भरतं. कव्हर वेगळं केल्यावर ७० जीएसएम कागदाचं वजन साधारण १६९ ग्रॅम भरायला हवं. ६० जीएसएम वापरला असेल, तर ते १४५ ग्रॅमच्या आसपास भरेल. कागदाच्या वजनात कारखान्यातूनच थोडा फरक पडतो. त्यामुळे चार-पाच ग्रॅमवरून भांडू नये. फरक २० ग्रॅमच्या पुढे असेल, तर मात्र विचारायला हवं.

ऑफसेट की डिजिटल?

ऑफसेट छपाई तेल आणि पाणी मिसळत नाहीत या तत्त्वावर चालते. प्लेटवरची तेलकट शाई आधी रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर उतरते. याचं मूळ १७९६ च्या सुमारास आलोईस सेनेफेल्डर यांनी शोधलेल्या शिळाछापात आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापानेच मराठी पंचांग छापलं होतं.

ऑफसेटमध्ये १०० प्रती काढा किंवा १०००, प्लेटचा खर्च तेवढाच येतो. म्हणून प्रती जास्त असतील तर ऑफसेट परवडतं. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, त्यामुळे ५० किंवा १०० प्रतींसाठी ती सोयीची.

सीएमवायके आणि ब्लीड म्हणजे काय?

रंगीत छपाई निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते. त्या चार रंगांचं नाव म्हणजे सीएमवायके. मोबाइलच्या स्क्रीनवर प्रकाशाने दिसणारे काही झगझगीत रंग शाईत उतरत नाहीत. म्हणून मुखपृष्ठाचा रंग कागदावरच्या नमुन्यातच पाहावा.

चित्र पृष्ठाच्या कडेपर्यंत हवं असेल, तर ते कापायच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवतात. त्याला ब्लीड म्हणतात. ते सोडलं नाही, तर कापताना कडेला पांढरी रेघ दिसते.

कोणती बांधणी घ्यावी?

- सेंटर पिन: मधोमध पिना मारतात. पृष्ठसंख्या ४ ने भागली जायला हवी. पातळ पुस्तिकेसाठी योग्य.
- परफेक्ट बायंडिंग: पानांच्या कडा घासून गरम गोंदाने कव्हरला चिकटवतात. स्वस्त आणि सर्रास वापरली जाते, पण गोंद हलका असेल तर पानं सुटतात.
- शिवण बांधणी: प्रत्येक फॉर्म दोऱ्याने शिवतात. खर्च जास्त, पण पुस्तक टिकतं आणि नीट उघडतं.
- पुठ्ठा बांधणी: म्हणजेच हार्डबाउंड. पुठ्ठा आहे म्हणून आतली पानं शिवलेली असतीलच असं नाही. त्यामुळे हे वेगळं विचारावं.

बांधणीकडचा समास नेहमी थोडा जास्त सोडावा. नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात.

होकार देण्याआधी काय तपासायचं?

आकार, पृष्ठसंख्या, कागदाचा प्रकार आणि जीएसएम, बांधणी, प्रती या पाच गोष्टी कोटेशनमध्ये लेखी हव्यात. कागदाचा तुकडा मागून घ्यावा आणि त्यावर तारीख टाकून ठेवावा. शेवटचं प्रूफ संगणकावर न वाचता छापून वाचावं. त्या प्रूफवर सही झाली आणि प्लेट निघाली, की त्यानंतर सापडलेली चूक हजारही प्रतींमध्ये राहते.