जॉबरच्या हाताखाली

मुंबईच्या गिरण्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मालकांवर, युनियनवर, संपांवर, चाळींवर, खाणावळींवर. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, या सगळ्यात येतो तो लाच खाणारा, आईमाईवरून शिव्या घालणारा, मालकाचा माणूस म्हणून. तसा तो होताच. पण तेवढाच असता तर पिढ्यान्‌पिढ्या हजारो माणसांकडून त्याने काम कसं करून घेतलं, हा प्रश्न उरतो. १९७०च्या दशकात परळच्या बाजूच्या एका गिरणीत मी लेबर ऑफिसर होतो. आमचं पदच मुळात जॉबरची ताकद मोडण्यासाठी निघालेलं, तेव्हा त्याची बाजू घेण्याचं मला काही कारण नाही. हल्ली कंपन्यांत ‘लीडरशिप’चे वर्ग भरतात आणि वरिष्ठाच्या अंगी कोणते गुण असावेत याच्या याद्या भिंतीवर लागतात. तशी यादी वाचली की मला जॉबर आठवतो. त्यातले बरेच गुण त्याच्याकडे होते आणि कुठल्याही यादीत न सापडणारे दुर्गुणही. एकाच पदावर हे दोन्ही कसे पिकले, ते बघण्यासारखं आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. ताडदेवच्या त्यांच्या गिरणीतून १८५६ मध्ये सूत निघू लागलं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा भोंग्यांनी भरून गेलं. यंत्रं लँकेशायरची, ती चालवून घेणारे मास्तर बऱ्याचदा तिकडूनच आलेले, आणि कामगार रत्नागिरीहून बोटीने किंवा घाट उतरून आलेले. मास्तरला मराठी येत नव्हतं, कामगाराला मास्तरचं बोलणं कळत नव्हतं. या दोघांच्या मधे जो उभा राहिला तो जॉबर.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येत नाही. खात्यात माणसं भरायची ती त्यानेच. नव्याला काम शिकवायचं, साचा बिघडला तर स्वतः पाना घेऊन खाली बसायचं, कोण गैरहजर आहे ते बघून दारावरच्या बदल्यांतून, म्हणजे बदली कामगारांतून, माणूस उचलायचा, रजा द्यायची किंवा नाकारायची. भोंगा झाल्यावरही त्याची ड्यूटी सुटत नसे. कुणाला खोलीत जागा बघून दे, कुणाची वाण्याकडे उधारीची हमी घे, कुणाला लग्नासाठी व्याजाने पैसे दे, चाळीतली भांडणं मिटव. बऱ्याच गिरण्यांत माग खात्याच्या लाईन जॉबरची कमाई त्याच्या लाईनीत किती कापड निघालं यावर ठरे. कापड निघायचं तर माणसं रोज वेळेवर यायला हवीत आणि टिकायला हवीत. माणसं सांभाळणं ही त्याची पोटापाण्याची गोष्ट होती.

आपण समजतो की जॉबर म्हणजे अनिर्बंध सत्ता. कागदपत्रं वेगळं सांगतात. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांवर जो अभ्यास केला, त्यात जॉबरच्या ताकदीला किती मर्यादा होत्या हे बारकाईने दाखवलंय. एका खात्यात अनेक जॉबर असत, एका वाडीत त्याहून जास्त. एकाने फार ताणलं तर माणसं दुसऱ्याकडे जात. चांगला विणकर कुठल्याही जॉबरला हवाच असे. वर मास्तर ओरडायचा, खाली माणसं निसटायची. या कात्रीत जो टिकला तो नुसत्या आवाजाच्या जोरावर टिकला नाही. कोणाची बायको गावी बाळंत व्हायची आहे, कोण शिमग्याला गेला की पंधरा दिवस येत नाही, कोणाच्या हाताला बारीक सूत बसतं, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे. शब्द दिला तर पाळावा लागे, कारण चाळीत सगळे एकमेकांना ओळखत. मोडलेला शब्द संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचायचा.

याचा कस लागला तो प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि १८९७ च्या सुरुवातीपर्यंत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या ओस पडायला लागल्या. तोपर्यंत मालक पगार महिना-महिना थकवून ठेवत, म्हणजे कामगार अडकून राही. आता तेच मालक रोजच्या रोज रोकडा मजुरी द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांची बोली लागत होती, अशी त्या वर्षाची नोंद आहे. एका गिरणीचा माणूस जास्त मजुरी म्हणे, तर दुसरा त्याच्यावर चढून बोले. अशा वेळी शिव्या घालणाऱ्या जॉबरकडे कोण थांबणार? ज्याचा माणसांशी जिव्हाळा होता, जो आजाऱ्याच्या घरी डोकावत होता, त्याचं खातं चाललं.

आता पंचवीस-तीस वर्षं पुढे या. पहिल्या महायुद्धातली तेजी ओसरली होती आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर गिरण्या मंदीत सापडल्या. मालकांनी एका माणसाकडून जास्त यंत्रं चालवून घ्यायचा बेत आखला. विणकराकडे दोनच्या जागी तीन माग, त्रासन (सूतकताई) खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. माणसं उरू लागली आणि गेटवर बदल्यांची रांग वाढत गेली. जॉबर तोच, पद तेच. पण आता त्याला सोडून जायला जागा नव्हती. लगेच दस्तुरीचा, म्हणजे लाचेचा, भाव चढला. नोकरी मिळवायला पैसे, टिकवायला पैसे, रजेवरून परत आल्यावर पुन्हा पैसे. जॉबर तरी ते सगळे खिशात घालत होता असं नाही. त्यालाही वरच्याला द्यावे लागत.

१९२८ चा संप सहा महिने चालला आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्या संपातच गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे मागावरून आलेले पुढारी त्यात होते. युनियनच्या गिरणी समित्यांनी पहिल्यांदाच खात्यात जॉबरला विचारलं, ‘याला का काढला?’ काही जॉबर चिडले आणि मालकाच्या मागे गेले. काही मात्र संपकऱ्यांबरोबर उभे राहिले. मधल्या माणसाला कधीतरी बाजू निवडावी लागते, आणि ती निवडल्यावरच लोकांना त्याची खरी किंमत कळते.

सोडून जाण्याची सोय ज्यांना कधीच नव्हती, त्यांच्याकडे बघितलं की जायला जागा नसली तर जॉबर कसा वागतो, हे आणखी स्वच्छ दिसतं. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत मुख्यतः बायका काम करायच्या. त्यांच्यावर नाईकीण, म्हणजे बाई जॉबर, असे. बाईला या दोन खात्यांबाहेर फारसं कामच नव्हतं, त्यामुळे नाईकिणीपुढे ती हतबल होती. दलित कामगारांना त्रासन खात्यात घेत, पण चांगली मजुरी असलेल्या माग खात्याचं दार त्यांना बंद होतं. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तोच धोटा पुढच्या पाळीच्या विणकराच्या तोंडाला लागे. ‘उष्टं’ चालणार नाही, हे कारण पुढे केलं जायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि संपाच्या पुढाऱ्यांनाही त्याचा जाब विचारला. गावकीतल्या माणसासाठी जीव टाकणारे जॉबर इथे गप्प राहिले. आपल्या माणसाबद्दलची माया आणि परक्याबद्दलचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉबरकडे पहिली भरपूर होती.

हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली आयोग १९२९ साली नेमला गेला. कामगार पुढारी ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने सांगितलं की माणसं भरण्याचा अधिकार जॉबरकडून काढा आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने मुंबईत बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक माणसांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. दस्तुरीला त्यामुळे बराच आळा बसला, आणि ही गोष्ट लहान नाही.

मी नोकरीला लागलो तोवर जॉबरकडे माणूस ठेवायचा किंवा काढायचा अधिकार कागदावर उरला नव्हता. तरी खातं चालत होतं ते त्याच्यावर. आमच्या माग खात्यात एक जुने जॉबर होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, सगळा कारभार ओठ वाचून आणि हातवाऱ्यांनी चाले. एकदा एका विणकराच्या मागावर ताणा सारखा तुटत होता. सुपरवायझरने त्याच्या नावाने कामचुकारपणाची चार्जशीट तयार करून माझ्या सहीला पाठवली. मी खात्यात गेलो तेव्हा नाना मागाच्या पाठीमागे वाकून बसले होते. बीमवरच्या सुताची दोन-चार टोकं त्यांनी चिमटीत घेतली, बोटांत मळली, ओढून तोडली आणि अंगठ्यावर राहिलेली पांढरी पूड मला दाखवली. कांजी नीट बसलीच नव्हती. ते तसेच सायझिंग खात्यात गेले, तिथल्या जॉबरशी भांडले, बीम बदलून आणला. परत येऊन माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, ‘साहेब, आधी धागा बघायचा, मग माणूस.’ चार्जशीट मी फाडली. तो विणकर त्यानंतर नानांच्या शब्दाबाहेर गेला नाही, आणि नानांनी त्याला त्या गोष्टीची कधी आठवणही करून दिली नाही.

हेच नाना आपल्या गावच्या पोरांना झुकतं माप देत. चांगल्या सुताचा बीम कुणाच्या मागावर चढवायचा हे त्यांच्या हातात होतं, आणि तो कुणाकडे जातो ते आम्ही सगळे बघत होतो. कुणी तक्रार आणली की मी त्यांना बोलावून विचारायचो. ते रागवायचे, पण पुढच्या आठवड्यात वाटप सरळ व्हायचं. युनियनचा प्रतिनिधी आणि मी असे दोघं त्यांच्या मागे नसतो, तर ते झालं असतं असं मला वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. तिथेही टीम लीडर नावाचा मधला माणूस आहे, त्यालाही वरून आकडे मिळतात आणि खालून माणसं निसटतात.

जॉबरचा इतिहास मला एकच गोष्ट सांगतो. हाताला काम येणं, माणूस लक्षात ठेवणं, शब्द पाळणं, वरच्याशी भांडायची तयारी ठेवणं, हे गुण त्याच्यात वाढले, कारण ते नसतील तर माणसं निघून जात होती. जिथे माणसांना जायला जागा उरली नाही, तिथे तोच माणूस दस्तुरी मागू लागला. म्हणून माणसं हाताळणारे अधिकारी घडवायला निघालेल्यांना माझं सांगणं आहे: वर्ग जरूर भरवा, पण त्याआधी हाताखालच्या माणसाला न घाबरता तक्रार करता येईल आणि खातं बदलून मागता येईल, एवढी सोय करा. वरिष्ठाला शिकवण्याचं बरंचसं काम मग तीच माणसं करतील.