पंखातल्या फटी: बोइंग ७२७ आणि फ्लॅपचा इतिहास

विमान उतरायला लागलं की पंखाच्या मागच्या कडेतून लांबट पत्रे बाहेर सरकतात, खाली वाकतात आणि पायाखालून घरघर ऐकू येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पंख उसवतोय की काय, असं वाटतं. या पत्र्यांना फ्लॅप म्हणतात. पुढच्या कडेला असेच सरकणारे भाग असतात, ते स्लॅट. ते असे का बनले, हे समजायचं तर बोइंग ७२७ या विमानाकडे पाहायला हवं. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की उचल चौथाईवर येते. नाक वर करून ती थोडी वाढवता येते, पण एका मर्यादेपुढे हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते. याला स्टॉल म्हणतात. आता उतरताना वेग तर कमी हवा. पंख मोठाच बनवला तर वर गेल्यावर तोच पंख विनाकारण हवेला अडवत बसतो. म्हणजे एकाच पंखाला दोन आकार हवेत.

गुस्ताव लाखमान हा जर्मन सैन्यातला तरुण. १९१७ मध्ये त्याचं विमान स्टॉल होऊन पडलं. इस्पितळात पडल्यापडल्या तो विचार करत राहिला आणि त्याला सुचलं, की पंखात पुढच्या बाजूला एक फट ठेवली तर हवा सुटणार नाही. १९१८ मध्ये त्याने पेटंट मागितलं. ते फेटाळलं गेलं! पंखाला फट पाडली तर उचल जाईलच, असं तपासनिसाला वाटलं. वाटणारच की; होडीला भोक पाडा म्हणण्यासारखंच ते. पुढे गॉटिंगेनमध्ये प्रान्टल यांच्या वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी झाली, फटीने उचल वाढते हे दिसलं आणि पेटंट मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हँडली पेज यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट शोधली होती. नंतर लाखमान त्यांच्याच कंपनीत नोकरीला लागला.

दुसरा माणूस अमेरिकेतला, हार्लन फाउलर. त्याचा फ्लॅप नुसता खाली वाकत नसे. आधी मागे सरकून पंखाचं क्षेत्रफळ वाढवायचा आणि मग वाकायचा. १९३७ च्या लॉकहीड १४ या प्रवासी विमानावर तो आला. आजच्या बहुतेक जेट विमानांचे फ्लॅप याच वंशातले.

आता ७२७. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाची धावपट्टी तेव्हा ४,८६० फुटांची होती, म्हणजे दीड किलोमीटरही नाही. तिथे जेट उतरवायचं होतं. जेटचा पंख वेगासाठी मागे झुकवलेला, आणि असा पंख कमी वेगात आळशी. जॅक स्टायनर यांच्या गटाने उत्तर काढलं ते असं: फ्लॅपचे एकामागोमाग तीन तुकडे, त्यांच्यामुळे तीन फटी, आणि पुढच्या कडेला वेगळे स्लॅट. १९६३ मध्ये हे विमान पहिल्यांदा उडालं.

हे हलतं कसं? कॉकपिटमधला दांडा ओढला की हायड्रॉलिक मोटर फिरते. तिच्यापासून दोन्ही पंखांत लांब शाफ्ट जातात. ते जागोजागी गिअरबॉक्समधून जाडजूड स्क्रू फिरवतात. स्क्रूवरचा नट मागे सरकतो आणि फ्लॅपला वाकड्या रुळांवरून ढकलतो. स्क्रू आणि रूळ हवेत उघडे राहू नयेत म्हणून पंखाखाली होडीच्या आकाराची झाकणं असतात. इंधन त्यात असतं, असा अनेकांचा समज आहे; तसं नाही.

पण एवढे फ्लॅप उघडले की उचलीबरोबर अवरोधही प्रचंड वाढतो. इंजिनाचा जोर कमी ठेवला तर विमान भराभर खाली येतं, आणि त्या काळच्या जेट इंजिनांना पुन्हा जोर धरायला काही सेकंद लागत. ऑगस्ट १९६५ पासून सहा महिन्यांच्या आत चार ७२७ उतरण्याच्या टप्प्यात कोसळली. चारही अपघातांचं कारण एकच होतं असं नाही. पण ११ नोव्हेंबर १९६५ ला सॉल्ट लेक सिटीला ९१ जणांपैकी ४३ गेले, तेव्हा चौकशीचा निष्कर्ष होता की खाली येण्याचा अतिवेग वैमानिकाने वेळेत रोखला नाही. माझ्या मते यात एकट्या वैमानिकाला दोष देऊन भागत नाही. यंत्र पुढे गेलं होतं आणि ते वापरण्याची सवय मागे राहिली होती.

दुसरा धोका याहून वाईट. दोन्ही पंखांचा आकार सारखा राहिलाच पाहिजे. २५ मे १९७९ ला शिकागोत टेकऑफ घेताना एका डीसी-१० विमानाचं डावं इंजिन निखळलं. जाता जाता त्याने हायड्रॉलिक नळ्या तोडल्या. स्लॅटना जागेवर धरून ठेवणारं यांत्रिक कुलूप नव्हतं, त्यामुळे डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट हवेच्या दाबाने आत गेले. तो पंख आता १५९ नॉट वेगालाच स्टॉल होणार होता. वैमानिक मात्र नियमाप्रमाणे १५३ कडे वेग आणत होते. आत गेलेले स्लॅट त्यांना दिसण्याची सोय नव्हती. जमिनीवरच्या दोघांसह २७३ माणसं गेली. म्हणून आज एअरबस ए३२० मध्ये दोन्ही बाजूंचे सेन्सर सतत तुलना करतात आणि फरक दिसला की पंखाच्या टोकाकडचे ब्रेक शाफ्ट जागीच आवळतात. मग उरलेल्या फ्लॅपवर, जास्त वेगाने विमान उतरवायचं, पण सरळ.

एक गंमत सांगतो. फटीतून वेगवान हवा सुटून मागच्या हवेला ताकद देते, असं अनेक वर्षं शिकवलं जायचं. डग्लस कंपनीतले ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ मध्ये दाखवलं की ते खरं नाही. पुढचा तुकडा मागच्याच्या नाकावरचा शोष कमी करतो, मागचा पुढच्याच्या शेपटीपाशी हवेला वेग देतो, आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा नवा, पातळ थर सुरू होतो. लाखमानची फट तोवर अर्धशतक काम करत होती!

हे नीट कळल्यावर, आणि संगणक आल्यावर, तुकडे कमी होऊ लागले. तुकडा म्हणजे वजन, देखभाल आणि आवाज. इंडियन एअरलाइन्सची ७३७-२०० विमानं तीन फटींची होती; १९८९ मध्ये तिच्याकडे ए३२० आली, त्यांच्या फ्लॅपला एकच फट. त्याच घराण्यातलं ए३२१ लांब आणि जड, म्हणून त्याला बहुतेक प्रकारांत दोन. पुढच्या प्रवासात पंखाच्या जरा मागची खिडकी मिळाली तर मोजून पाहा.