मालट्रकचे अपघात आणि कामाचे तास

अपघात म्हटला की तो दैवाच्या खात्यावर टाकण्याची आपली जुनी सवय आहे. एखादा अपघात दैवाचा मानता येईल. पण सालोसाल त्याच उतारावर तशाच गाड्यांना अपघात होऊ लागले, म्हणजे त्यांना इतिहास असतो. आम्ही वाहतूक कामगारांत वावरलो, तेव्हा हा इतिहास आम्ही ड्रायव्हरच्या बैठकीवरून पाहतो, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम सर्व वाहनांचे आकडे पाहू. १९७० साली देशात सुमारे १ लाख १४ हजार अपघात नोंदले गेले. त्यांत १४,५०० माणसे दगावली, ७०,००० जखमी झाली. २०१० साली अपघात सुमारे ५ लाख, मृत १,३४,५०० आणि जखमी ५,२७,५०० झाले. २०२२ साली अपघात ४,६१,३१२ आणि जखमी ४,४३,३६६, म्हणजे दोन्ही आकडे उतरले. मृतांचा मात्र १,६८,४९१ वर चढला. दर १०० अपघातांमागे १९७० साली १३ माणसे मरत. २०२२ साली ३६ मेली. किरकोळ जखमांचे अपघात पुष्कळदा पोलिसांच्या वहीत चढत नाहीत, हे ध्यानात घेतले तरी मृत्यूंची ही चढण खोटी ठरत नाही. २०२२ च्या मृतांत दर १०० मध्ये ६४ जण दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते.

यात मालट्रकचा विचार वेगळा का करावा? वजनामुळे. दुचाकी शे-दीडशे किलोंची. भरलेला साधा दोन आसांचा ट्रक सोळा टनांच्या पुढे. रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढला, आणि २०१८ साली सरकारने कायदेशीर भारही सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढविला. ट्रकच्या पाठीमागे मीटरभर सळया बाहेर ठेवण्याची मुभा तर २०१४ पर्यंत नियमातच होती.

आता उताराकडे वळू. बोर घाटात किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याच्या नवले पुलाकडे उतरताना गाडी गिअरमध्ये असली, तर इंजिन तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये टाकली की सारा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला लागणारी हवाही भरत नाही. मग ड्रायव्हर न्यूट्रल का करतो? कारण अनेक ठिकाणी त्याला खेपेचा ठोक खर्च हातावर मिळतो. वाचलेले डिझेल हीच त्याची वरकमाई. आणि खेप लवकर संपली तरच पुढची मिळते. बातमीत येते, "ब्रेक निकामी झाल्याने". तो ब्रेक का तापला, हे बातमीत येत नाही.

कायद्याने हे ओळखले नव्हते असे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला ९ आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ती ८ आणि ४८ वर आणली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आपल्याकडे बहुतेक मालक एकदोन, फार तर पाच गाड्यांचे धनी! १९८८ च्या कायद्याने सर्वच व्यापारी वाहनांच्या चालकांसाठी या तासांकडे बोट दाखविले, परंतु मोजणार कोण? गिरणीत भोंगा होता, हजेरीपट होता. हमरस्त्यावर दोन्ही नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९६१ चा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, आणि पाचाची अट दहावर गेली. म्हणजे छोट्या मालकाचा ड्रायव्हर छत्राखालून आणखी दूर सरला.

१ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला. तो स्वागतार्हच आहे. पण गार हवेने झोपेची भरपाई होत नाही. ट्रक किती वेगाने गेला हे टिपणारी यंत्रे आज रस्तोरस्ती आहेत. तो चालविणारा माणूस किती तास जागा आहे, तेही तितक्याच नेटाने टिपले जावे आणि जाब मालकाला विचारला जावा, ही आमची मागणी आहे. ती केवळ ड्रायव्हरची मागणी नाही. उताराच्या तळाशी दुचाकीवर उभे असतात ते आपणच.