तीन पिढ्यांचं घर आणि परसातला फणस

मुंबई-पुण्यातले बरेच कोकणकर सध्या गावच्या रानात घर बांधायचं म्हणतायत. आई-वडील, आपण आणि मुलं, सगळे एकत्र. विचार चांगलाच आहे. पण नकाशा मंजूर झाला की पहिला जेसीबी येतो, उतार कापला जातो, झाडं जातात आणि मग 'निसर्गाच्या कुशीत' बंगला उभा राहतो. मंडळी, जुनी घरं चार-चार पिढ्या कशी टिकली, ते एकदा बघूया.

जुनं घर म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याचं जोतं, ऐन-किंजळ-फणसाचे खांब-वासे, वर गवत नाहीतर नळ्यांची कौलं. १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर मंगलोरी कौलं आली. ह्या घराची खरी युक्ती साधी होती: फुटलं कौल तर एकच बदला, सडला वासा तर एकच काढा. घर 'पूर्ण' असं कधी नव्हतंच. लग्नं झाली, पडवीला आडोसा घालून खोली केली. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, पण आढं एकच राहिलं.

अर्थात सगळं गोड नव्हतं. ओटी पुरुषांची आणि धुराचं स्वयंपाकघर बायकांचं. कुळांची घरं कुडाची, आणि कित्येकांना तर अंगणाच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. ते सगळं परत आणायचं नाहीय. घ्यायचंय ते दुरुस्तीचं गणित.

दुरुस्तीला लाकूड लागतं, ते यायचं परसातून. आजोबांनी लावलेल्या फणसाचा खांब नातवाच्या घराला. ही समज राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५च्या सुमारास) आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं बजावलंय. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालेलं घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन.

पुढे इंग्रज आले. १८४७मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले, १८७८च्या कायद्याने राखीव जंगलं पक्की झाली. सरकारी रान आणि गावाचं रान यांच्यात रेघ पडली. स्वातंत्र्यानंतर १९६४चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आला. त्यामुळे ऐन, किंजळ, आंबा, फणस स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगी लागते. ३० ऑगस्ट १९७५ला खासगी वनं कायद्याने सरकारजमा झाली. आजही कित्येक सातबाऱ्यांवर 'खासगी वन' असा शेरा असतो आणि तो घेणाऱ्याला उशिरा दिसतो.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या नावाने गावोगाव भीती घातली जाते. पण ३१ जुलै २०२४च्या मसुद्यात बंदी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीला, वाढवायला त्यात आडकाठी नाही. म्हणजे आपल्या घराआड मोठ्या प्रकल्पवाल्यांची बाजू कोणी मांडत असेल, तर ओळखा.

तर, तीन पिढ्यांसाठी बांधताय? आर्किटेक्टला बोलावण्याआधी एक अख्खा पावसाळा जमीन बघा. वहाळ कुठून येतो, पाणी कुठे मुरतं, ते कळेल. उभा उतार कापला तर वरची भिजलेली माती आधार सोडते, म्हणून घरच दोन पायऱ्यांत बसवा. आजीची खोली आणि न्हाणी मात्र एका पातळीवर. एक भिंत अशी ठेवा, की उद्या पाडून खण वाढवता येईल. सातबाऱ्यावरचे सगळे शेरे वाचा. सहहिस्सेदारांची संमती घ्या, बहिणींचीसुद्धा. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना १९९४च्या दुरुस्तीनेच हक्क दिलाय. कोकणातली कितीतरी घरं पावसाने नाही, भाऊबंदकीने पडलीत.

आणि वास्तुशांतीला परसात दोन फणस, एक किंजळ लावा. तुमच्या कामाचे नाहीत ते. नातवाचा वासा सडेल तेव्हा लागतील.