सबब

इंग्रजी कागदपत्रांत ‘देअरफोर’ हा शब्द हेडक्लार्कसारखा वावरतो. स्वतः काही करीत नाही. मागच्या आणि पुढच्या वाक्याच्या मध्ये टेबल टाकून बसतो आणि सगळं आपल्यामुळेच चाललंय असा चेहरा करतो. त्याची भावंडंही तशीच. ‘हेन्स’ म्हणजे मुळात ‘इथून’, ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीनं’, आणि लॅटिन घराण्यातले ‘कॉन्सिक्वेन्टली’ म्हणजे मागोमाग येणारे. गणितवाल्यांनी तर या साऱ्यांना तीन ठिपक्यांत बसवलं. १६५९ साली योहान राहन या स्विस गणितज्ञाच्या बीजगणितात ते ठिपके छापलेले आहेत.

घोटाळा होतो तो आपला. आपल्या व्याकरणात ‘म्हणून, सबब, यास्तव, तस्मात’ ही परिणामबोधक उभयान्वयी अव्ययं. उभयान्वयी म्हणजे दोन वाक्यांची गाठ मारून देणारा भटजी! इंग्रज मात्र ‘देअरफोर’ला क्रियाविशेषण समजतो. गाठ मारायचा अधिकार ‘सो’ला, ‘देअरफोर’च्या आधी पूर्णविराम हवा, गेला बाजार अर्धविराम तरी. आपण ‘पाऊस आला, म्हणून गाडी चुकली’ हे स्वल्पविरामावर भागवतो आणि तोच स्वल्पविराम इंग्रजी अर्जात घेऊन जातो. साहेबाचं म्हणणं, आधी कारण पुरतं सांग, थांब, मग निष्कर्ष काढ. साहेबाच्या सगळ्याच गोष्टी पटत नाहीत, पण ही पटते.

आपल्याकडे या जागी ‘सबब’ बसला. शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण हा अरबी पाहुणा काही हलला नाही. अरबीत त्याचा अर्थ ‘कारण’. मराठी दप्तरात तो कारणाच्या खुर्चीवरून उठून परिणामाच्या खुर्चीवर बसला. घरात मात्र ‘सबबी सांगू नकोस’ म्हणजे थापा मारू नकोस. कारण, परिणाम आणि थाप, तिन्ही खाती एकाच शब्दाकडे! १९६४ च्या अधिनियमानं मराठी राजभाषा झाली, तेव्हा कचेरीत सबबराव आधीपासूनच हजर होते.

बदलापूरजवळच्या आमच्या चामटोलीत रस्त्यावरचा एक दिवा बंद पडला. क्लासहून परतणारी पोरं अंधारात चाचपडत येऊ लागली, तेव्हा मी एका कचेरीकडे अर्ज केला. उत्तर आलं : ‘आपला अर्ज प्राप्त झाला. सबब तो निकाली काढण्यात येत आहे.’ मी दोनदा वाचलं. अर्ज पोचला, हाच त्याचा गुन्हा! न पोचता तर कदाचित अजून जिवंत असता.

व्याकरणात या पत्राला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. अव्यय जागच्या जागी आहे. नाही ते फक्त कारण. आणि अशा पोकळ ‘सबब’खाली कुणाचं पेन्शन अडकतं, कुणाचा सातबारा, कुणाचं रेशनकार्ड.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं, की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्याची झळ लागणाऱ्या माणसाला कळवली पाहिजेत. म्हणजे संसदेनं ‘सबब’लाच सबब विचारायची सोय करून ठेवली आहे. एवढं व्याकरण शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

हल्ली मी सरकारी पत्र खालून वर वाचतो. आधी ‘सबब’ शोधायचा, मग त्याच्या डोक्यावरचं वाक्य बघायचं. तिथं कारण नसलं, की कोरा कागद घ्यायचा. सबब, दिव्यासाठी दुसरा अर्ज रवाना केला आहे.