वादाची मर्यादा
वाद म्हणजे प्रतिपक्षाचा पाडाव, हा समज मदरशांतील 'मुनाझरा' शास्त्राला मान्य नाही. १७व्या शतकातील जौनपूरचे विद्वान अब्दुल रशीद यांचा 'रशीदिया' हा अरबी ग्रंथ दर्से-निझामी अभ्यासक्रमात शिकविला गेला. सत्य प्रकट व्हावे म्हणून चालतो तो मुनाझरा. केवळ प्रतिपक्षास निरुत्तर करण्यासाठी चालतो तो मुजादला. आणि यांपैकी एकही हेतू नसलेला दुराग्रह तो मुकाबरा, असा भेद या शास्त्रात केला आहे. १८३०च्या दशकात मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या टीकेस इस्फहानचे हाजी मुहम्मद हाशिम यांनी लेखी उत्तर दिले; विल्सन यांनी प्रत्युत्तर छापले. वाद ग्रंथरूप झाला, की निवाडा वाचकाकडे येतो. अशा वेळी हा भेद ओळखण्याची जबाबदारीही त्याचीच, असे आम्ही मानतो. नागसेन स्थविरांनी मिलिंद राजास पंडितांचा वाद राजांच्या वादाहून वेगळा करून सांगितला, तो याच कारणासाठी.