संबळ आणि बोंगो

बेळगाव-निपाणीकडील जुन्या मराठी घरांत लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. कुलदेवता तुळजापूरची भवानी असो वा सौंदत्तीची रेणुका, संबळावाचून जागर होत नाही. तरीही वाद्य म्हणून त्याकडे आपण कधी पाहतो काय?

क्यूबाच्या पूर्व भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडलेला बोंगो हेही जोडवाद्यच. लाकडी पुलाने जोडलेल्या दोन पिंपांपैकी मोठ्यास तेथे मादी व लहानास नर म्हणतात. आरंभी कातडे खिळ्यांनी ठोकीत आणि ज्योतीवर शेकून चढवीत. (आपले हलगीवालेही शेकोटीवर तेच करतात!) पुढे धातूचे पेच आले आणि सूर चटकन लावता येऊ लागला. संबळाचे कातडे दोरीने ताणलेले असल्याने पावसाळी हवेत सैल पडते. येथे बोंगोची सरशी मान्य केली पाहिजे.

वादनाची गोष्ट निराळी. बोंगो गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवितात. त्यातील नाजूकपणा मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड यांनी रुजविला. संबळ मात्र कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवायचे. त्यांतील एका काठीचे टोक वाकडे असते. वादक उभा राहून, नाचत, ध्वनिक्षेपकावाचून अंगण भरून टाकतो. आमच्या मते हे सामर्थ्य बोंगोत नाही.

बोंगो आज दुकानात मिळतो. संबळाचा हात मात्र गोंधळी घराण्यात बापाकडूनच लेकाकडे येतो, आणि लेक नोकरीस लागला की तेथेच थांबतो. पुढच्या गोंधळाच्या वेळी वाचकांनी ती दोरीची गुंफण तरी जवळून पाहावी, ती कोणी बांधली हे विचारून घ्यावे.